पुण्यात घर शोधताना : इसार देण्याआधी

पहिलं घर घ्यायला निघालेली बरीच कुटुंबं शोधाची सुरुवात त्याच्या शेवटच्या टोकापासून करतात. रविवारच्या पेपरात पानभर जाहिरात दिसते, साइटवर न्यायला गाडी येते, नमुना फ्लॅटमधलं स्वयंपाकघर सगळ्यांना आवडतं आणि संध्याकाळपर्यंत टोकनचा चेक दिलेला असतो. पाणी किती वेळ येतं, ऑफिसला पोहोचायला किती लागतं, जमीन कोणाच्या नावावर आहे, ही चौकशी त्यानंतर सुरू होते. तोवर पैसे अडकलेले असतात. मग मिळणारं प्रत्येक उत्तर आपल्या निर्णयाला सोयीचं असावं असं वाटू लागतं आणि नको ते उत्तर कानांवर आलं तरी मनापर्यंत जात नाही.

म्हणून क्रम बदला. आधी पैशांचा हिशोब, मग परिसर, मग इमारत, मग कागद; आणि खोल्या सगळ्यात शेवटी. उदाहरणं पुण्याची देतो, कारण सोलापूर, लातूर, नगर, जळगावकडून नोकरीसाठी येऊन इथेच स्थिरावणारी माणसं हे शहर नीट माहीत होण्याआधीच त्यात घर घेतात. कायदे आणि कागद मात्र बहुतांशी साऱ्या महाराष्ट्रात तेच आहेत.

पैशांचं थोडक्यात सांगतो. समजा, घराची ठरलेली किंमत ८० लाख आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळू शकतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे. पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार; नोंदणी फी ३० हजार. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही. इमारत अजून बांधली जात असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी नाही. तेव्हा ८० लाखांच्या घरासाठी हाताशी २२ ते २६ लाख हवेत, आणि त्यात एजंटचं कमिशन, वकिलाची फी, फर्निचर अजून आलेलं नाही. ६४ लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे साडेपंचावन्न हजार पडतो. हा आकडा घरातल्या दोघांच्या पगारांवर बेतू नका. एकाची नोकरी सहा महिने थांबली तरी भरता येईल, एवढाच हप्ता घ्या. बँकेकडून कर्जाची पूर्वमंजुरी आधीच काढून ठेवा. तुमची खरी मर्यादा कळते आणि विकणाराही तुमच्याशी गांभीर्याने बोलतो.

घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. ८० लाखांवर हे ८० हजार रुपये होतात. घरात बोलून आधीच ठरवा.

आता परिसर. खरा वेळ इथे घालवायचा आहे, कारण भिंतीचा रंग बदलता येतो, नळाला येणारं पाणी बदलता येत नाही. पुण्याच्या कडेची ११ गावं २०१७ मध्ये आणि २३ गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, आंबेगाव, धायरी, उंड्री अशा भागांत परवडणारी घरं आहेत. पण इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्या, सांडपाण्याच्या वाहिन्या, रस्ते मागून येत आहेत. उन्हाळ्यात या पट्ट्यात टँकरच्या रांगा लागतात. बाणेर-बालेवाडीसारख्या, कितीतरी आधी महापालिकेत आलेल्या आणि महाग भागांतही टँकर फिरताना दिसतात, तेव्हा किमतीवरून पाण्याचा अंदाज बांधू नका. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हाही संशय दूषित पाण्यावरच होता. पाणी किती येतं याइतकंच ते कुठून येतं आणि शुद्ध होऊन येतं का, हे विचारणं गरजेचं आहे.

हे विचारायचं कोणाला? विक्री कार्यालयातल्या माणसाला विचारून उपयोग नाही. त्याच रस्त्यावरच्या, चार-पाच वर्षं राहती असलेल्या सोसायटीच्या रखवालदाराला विचारा, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, भाजी घेत उभ्या असलेल्या बाईंना विचारा. आपल्याकडे लोक याबाबतीत मोकळेपणाने बोलतात. आणि एखाद्या सोसायटीत घर घ्यायचं जवळपास ठरलं असेल, तर तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल आणि हिशेबपत्रकं मालकाकडून मागवून घ्या. टँकरवर वर्षाला किती खर्च झाला, हे त्यात छापलेलं असतं. बोअरवेल, लिफ्टची दुरुस्ती, थकबाकीदार, कोर्टातले दावे, सगळं तिथे असतं. घर घेणाऱ्याला इतकं उपयोगी पडणारं दुसरं कागदपत्र मला माहीत नाही, आणि ते मागणारे फार थोडे असतात. नवीन प्रकल्प असेल तर महापालिकेचं पाणी पोहोचेपर्यंत पाणी कोण देणार, याचं हमीपत्र बिल्डरने दिलं आहे का, ते बघायला मागा.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने दक्षिण पुण्यातल्या सोसायट्यांच्या भिंती पाडल्या, माणसं गेली. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजल्यांवर पाणी शिरलं. नदी किंवा ओढा जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते पाहा. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विकास आराखड्याच्या नकाशावर या रेषा दाखवलेल्या असतात. ओढे मात्र नकाशावर बारीक दिसतात किंवा बुजवलेले असतात. तिथे जुन्या रहिवाशांची आठवणच कामाला येते. घर पाहायला सर्वांत चांगला महिना कोणता, असं कोणी विचारलं तर मी जुलै सांगेन. रस्त्यावर पाणी कुठे साचतं, पार्किंगमध्ये शिरतं का, शेवटच्या मजल्याचं छत ओलं होतं का, हे सगळं त्या महिन्यात आपोआप दिसतं.

प्रवासाचा अंदाज रविवारी घेऊ नका. रविवारी सकाळी वाघोलीहून हिंजवडीला जाऊन आलेला माणूस सोमवारी काय होतं ते ओळखू शकणार नाही. कामाच्या दिवशी, तुमच्या नेमक्या वेळेला, त्या घराच्या दारातून ऑफिसपर्यंत जाऊन या आणि संध्याकाळी परतही या. मेट्रो स्थानक ‘पाच मिनिटांवर’ असेल तर ती पाच मिनिटं पायी आहेत की गाडीने, आणि पदपथ आहे का, ते चालून पाहा. प्रस्तावित मेट्रो, होऊ घातलेला रिंगरोड, मंजूर उड्डाणपूल यांचे पैसे आजच्या किमतीत मोजू नका. ज्यावर आज चाकं फिरताहेत तेवढाच रस्ता धरा. घरी वयस्कर आईवडील असतील तर दवाखाना, बस थांबा आणि संध्याकाळी बसता येईल अशी बाग पायी अंतरावर हवी. जवळ लग्नाचं लॉन असेल तर लग्नसराईत एकदा रात्री दहाच्या सुमारास तिथे उभे राहून बघा.

शक्य असेल तर त्याच भागात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा. लोकांना हे भाडं वाया गेल्यासारखं वाटतं. पण वीस वर्षांच्या हप्त्यापुढे ही रक्कम लहान आहे, आणि अकरा महिन्यांत एक उन्हाळा, एक पावसाळा आणि शाळेचं एक वर्ष अनुभवायला मिळतं. शिवाय सोसायटीतली विक्रीची घरं जाहिरातीत येण्याआधी तिथे राहणाऱ्यांना कळतात.

नवीन प्रकल्प की राहती इमारत, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पहिलं आणि बहुधा एकमेव घर घेणाऱ्याने दहा-पंधरा वर्षांच्या, भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या, सोसायटी नोंदलेल्या इमारतीतलं पुनर्विक्रीचं घर आधी शोधावं, असं माझं स्पष्ट मत आहे. भाडं आणि हप्ता एकाच वेळी भरावा लागत नाही, जीएसटी वाचतो, आणि भिंत पाझरते का, शेजारी कसे आहेत, हे डोळ्यांनी दिसतं. नव्या इमारतीची हौस मी समजू शकतो, पण तिच्यात वाट पाहण्याचा धोका आहे आणि तो पेलण्याची ताकद प्रत्येकात नसते.

तरी नवीन प्रकल्पाकडेच कल असेल तर पहिली पायरी महारेराचं, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचं संकेतस्थळ. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. ‘पी’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक जाहिरातीवर असलाच पाहिजे. ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही छापावा लागतो. तो स्कॅन करा आणि आत जाऊन वाचा. पूर्णत्वाची मूळ तारीख कोणती होती, किती वेळा वाढवून घेतली, किती घरं विकली गेली, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, मंजूर नकाशात किती मजले आहेत. ब्रोशरवर बावीस मजले आणि मंजुरी चौदाची, असं असेल तर एकविसाव्या मजल्यावरचा फ्लॅट अजून कागदावरही अस्तित्वात नाही. त्याच बिल्डरचे आधीचे प्रकल्प शोधून त्यातल्या रहिवाशांना भेटा. एक नियम पाठ करून ठेवा: नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. त्याहून जास्त मागणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटलाही महारेराची नोंदणी लागते. ती विचारायला संकोच करू नका.

क्षेत्रफळाचा गोंधळ अजून संपलेला नाही. रेरा कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेटवर व्हायला हवी. त्यात आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. पुनर्विक्रीत मात्र अजून सर्रास ‘सेलेबल’ किंवा सुपर बिल्ट-अपची भाषा चालते. १०५० चौरस फूट, दर ८००० रुपये, असं सांगितलं की ८४ लाख होतात; पण कार्पेट ७०० भरलं तर खरा दर १२,००० रुपये आहे. जुन्या करारनाम्यात कार्पेट चौरस मीटरमध्ये दिलेलं असेल तर त्याला १०.७६४ ने गुणा. तुलना करताना प्रत्येक घराचा दर असाच काढा, नाहीतर दोन घरांची तुलना होऊच शकत नाही.

पुनर्विक्रीच्या घराचा खरा भाव काढायला एक चांगली सोय आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’मध्ये गाव, सर्व्हे नंबर आणि वर्ष टाकलं की त्या मिळकतीवर नोंदलेले दस्त आणि त्यांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती पाहता येते. त्याच इमारतीत गेल्या वर्षभरात कोणता फ्लॅट किती रकमेला नोंदला गेला, हे तिथे स्पष्ट दिसतं. एजंट सांगेल तो ‘चालू भाव’ आणि नोंदलेली किंमत यांत बरंच अंतर असू शकतं, आणि घासाघीस करताना हातात तो कागद असला की बोलणं सोपं होतं.

घर दोनदा पाहा, एकदा दिवसा, एकदा रात्री. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिच्या मागे न्हाणीघर आहे का ते बघा. सगळे नळ एकदम उघडा. खिडकीसमोर मोकळा प्लॉट असेल तर विकास आराखड्यात तिथे काय दाखवलंय ते विचारा. उद्या तिथे रस्ताही येईल किंवा तुमचा उजेड अडवणारी इमारतही. वास्तुशास्त्राची अट असेल तर ती घरातल्या मोठ्यांशी बोलून पहिल्या दिवशीच ठरवा, म्हणजे शेवटच्या क्षणी अडचण येत नाही.

कागदांसाठी स्वतःचा वकील नेमा. एजंटने सुचवलेला नको, बँकेचा वकील पुरेसा आहे असंही समजू नका. बँकेचा वकील बँकेची रक्कम सुरक्षित आहे का ते पाहतो. शक्यतो तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या. जमिनीचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक परवानगी, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र, बिल्डरशी झालेला पहिला करार आणि त्यानंतरच्या प्रत्येक मालकाचा नोंदणीकृत दस्त, अशी साखळी एकही कडी न तुटता मिळायला हवी. सोसायटीचा भागदाखला कोणाच्या नावावर आहे ते पाहा. मूळ मालक वारले असतील आणि विकणारा ‘नॉमिनी’ असेल तर सावध व्हा. नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. पुण्यात अशा घरांचे काही वारस अनेकदा परदेशात असतात आणि व्यवहार लटकतो. विकणारा स्वतः अनिवासी भारतीय असेल तर करकपातीचे नियम आणि दर वेगळे असतात, आधी सीएला विचारा. एरवी ५० लाख किंवा जास्त किमतीच्या घरावर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. घरावर जुनं कर्ज असेल तर मूळ कागद कोणत्या बँकेत आहेत, त्याचं पत्र घ्या. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या.

जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झालंय का, हेही विचारा. पुण्यातल्या कितीतरी जुन्या सोसायट्यांची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर आहे. पुनर्विकासाची वेळ आली की तिथेच गाडी अडते. अभिहस्तांतरण नसेल तर घर घेऊच नये असं नाही. जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज केलाय का, एवढं पाहा आणि नसेल तर किंमत त्या प्रमाणात कमी मागा. भोगवटा प्रमाणपत्र नसलेलं घर मात्र सोडून द्या. स्वस्त मिळतं म्हणून गुंठेवारीच्या तुकड्यावर बांधलेल्या, मंजूर नकाशा नसलेल्या इमारतीत जन्माची कमाई घालू नका. तिथे तुम्हाला कर्ज मिळणं अवघड, आणि पुढे विकायला गेलात तर तुमच्या गिऱ्हाइकालाही.

हे सगळं पटल्यावर इसाराची वेळ येते. “दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, आत्ता अकरा हजार तरी द्या,” असं हमखास सांगितलं जातं. रक्कम लहान असो वा मोठी, रोख देऊ नका. चेकने किंवा बँकेतून द्या आणि इसार पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: एकूण किंमत आणि त्यात पार्किंगसह काय काय येतं, साठेखत किती दिवसांत करायचं, आणि वकिलाने कागद नापसंत केले किंवा बँकेने त्या घरावर कर्ज नाकारलं, तर इसार पूर्ण परत मिळेल. कागद स्वच्छ असलेल्या मालकाला या तिसऱ्या अटीची अडचण वाटत नाही. जो ही अट लिहून द्यायला नकार देतो, त्याचं घर घेऊ नका; त्याच किमतीत, त्याच भागात, दुसरं घर विक्रीला असतं.